चावी फिरते, पण सेल्फ मारत नाही : इग्निशन स्विचचा दोष शोधताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वा शिरोलीकडे गॅरेज चालविणाऱ्या कारागीर बांधवांना ही तक्रार नवी नाही. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चावी फिरवतो, पण सेल्फच मारत नाही." त्यावर "स्विच गेला" हे उत्तरही ठरलेलेच. नवा स्विच बसतो, गाडी चालू होते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते आणि आठ दिवसांनी तीच गाडी दुसऱ्या गाडीला बांधून परत येते. दोष मुळात स्विचमध्ये नव्हताच. स्विच काढता-घालताना मागचा कपलर हलला आणि सैल पडलेली पिन तात्पुरती जुळली, एवढेच घडले होते. यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि कारागिराची पतही जाते. म्हणून स्विच बदलण्यापूर्वी काय तपासावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

चावीच्या स्विचचे काम तसे साधे आहे. बॅटरीकडून येणारी एक जाड तार त्यात कायम जिवंत असते. चावी पहिल्या टप्प्यावर आली की टेप वगैरेला वीज मिळते. दुसऱ्या टप्प्यावर मीटरवरचे दिवे लागतात आणि इंजिनाच्या इग्निशनला वीज जाते. शेवटच्या टप्प्यावर सेल्फच्या तारेत वीज येते. या शेवटच्या टप्प्यावरही इग्निशनची वीज चालूच राहिली पाहिजे, हे ध्यानात ठेवावे.

स्विचला हात लावण्याआधी बॅटरी पाहावी. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते आणि सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड आणि इंजिनाची अर्थची पट्टी याच वेळी पाहून घ्यावी. यानंतर मोठे दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी, टर्मिनल, अर्थ किंवा खुद्द सेल्फ यांच्याकडे वळावे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि कसलाही आवाज आला नाही, तरच सेल्फपर्यंत वीज पोहोचत नाही असे समजावे. तेव्हासुद्धा स्विचबरोबर फ्यूज, सेल्फचा रिले आणि काही गाड्यांत असणारा क्लचचा स्विच हे संशयित असतातच. ऑटोमॅटिक गियरच्या गाडीत गियरच्या जागेचा स्विचही पाहावा लागतो.

आता खरी गोम सांगतो. पुष्कळ कारागीर कपलर काढतात, तारेला मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की "तार ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही. दहा धाग्यांपैकी नऊ तुटून एकच शिल्लक असला, तरी त्यातून मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. नळाची पाइप मुरगळली असताना तोंड बंद ठेवले, तर दाब पुरेपूर वाटतो. तोंड उघडले की धार करंगळीएवढी पडते, तसेच हे. तेव्हा वीज वाहत असतानाच मोजावे. कपलर जागेवर ठेवून मागच्या बाजूने पिन घालावी. मीटरची एक तार स्विचच्या बॅटरीच्या टोकाला व दुसरी इग्निशनच्या टोकाला लावून चावी चालू करावी. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत फरक चालतो. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर आतले पॉइंट जळाले, असे खुशाल म्हणावे. सेल्फच्या टोकाची तपासणीही अशीच, चावी मारून धरलेली असताना करावी. कपलर काढूनच पाहायचे असेल, तर तारेला २१ वॅटचा बल्ब जोडून पाहावा. अशक्त तार लगेच उघडी पडते.

एक लक्षण फार बोलके आहे. सेल्फ मारताना इंजिन पकडते आणि चावी सोडली की मरते. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत, जेथे कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर असतो, तेथे तो रेझिस्टर तुटला किंवा स्विचचा इग्निशनचा पॉइंट जळाला असे समजावे. नव्या गाड्यांत मात्र हेच लक्षण इमोबिलायझरचेही असू शकते. मीटरवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर स्विच बदलून काही हाती लागणार नाही.

स्विच जळतो तरी का? मोठा हॉर्न, जादा दिवे, टेपचा अॅम्प्लिफायर हे सगळे चावीच्याच तारेवर चढविले जाते म्हणून. त्यासाठी रिले लावावा : ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून तार, ८७ वरून हॉर्नला किंवा दिव्याला, ८६ ला स्विचची बारीक तार, ८५ ला अर्थ. रिलेच्या कॉइलला पाव अॅम्पियरही लागत नाही, त्यामुळे स्विच निवांत राहतो. फ्यूज टाळून बॅटरीवरून 'डायरेक्ट' मारलेली तार मात्र घर्षणाने सोलली की सबंध गाडी पेटवू शकते. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी हे काम करू नये.

आपल्याकडे पुराचाही हिशेब धरावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या जमिनीलगतच्या कपलरमध्ये तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि त्याचा त्रास कित्येक महिन्यांनी सुरू होतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्या व्यापारी बांधवांनी सतरंजी उचलून खालचे कपलर जरूर पाहावेत.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दुकानाच्या शटरच्या, गोदामाच्या, तिजोरीच्या अशा साऱ्या चाव्या गाडीच्या चावीत अडकवू नयेत. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्विचची पकड कमी होती. जड जुडग्याने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत मागे सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. चालू गाडीत चावी हलकेच हलविली आणि मीटरचे दिवे फडफडले, तर स्विच झिजला आहे. अनेक गाड्यांत कुलपाचा भाग वेगळा आणि मागचा विजेचा स्विच वेगळा मिळतो. केवळ स्विच बदलला तर दाराची आणि स्टेअरिंगची चावी तीच राहते व खर्चही वाचतो.

पिवळ्या कपलरला मात्र हात लावू नये. ती एअरबॅगची वायरिंग असते. कॉम्प्युटरच्या तारांना साधा टेस्ट लॅम्प लावू नये, मीटरच वापरावा. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत बटण फक्त इशारा देते, निर्णय कॉम्प्युटर घेतो; तेथे स्कॅनरशिवाय पुढे जाता येत नाही. तपासणीची मजुरी गिऱ्हाइकाला आधी वेगळी सांगावी, मोजलेले व्होल्ट बिलावर लिहावेत आणि काढलेला स्विच उघडून त्यातला जळका पॉइंट त्याला दाखवावा.