शीत कुठले उचलायचे?

शितावरून भाताची परीक्षा, हे पोंभुर्ण्यासारख्या धानाच्या मुलखात कुणाला शिकवायला नको. पण श्रोतेहो, शीत वरचेवरचेच उचलले तर? तळचा भात करपलेला असायचा!

समजा, शेतकीचा कार्यक्रम सकाळी लावावा का, हे ठरवायचे आहे. ‘इच्छा असेल त्यांनी नावे द्या, आम्ही दरमहा विचारू,’ असे जाहीर केले. 100 घरांपैकी 40 घरांनी नावे दिली. त्यांतली 30 म्हणाली, सकाळच बरी. म्हणजे शेकडा 75! पण गप्प राहिलेल्या 60 घरांपैकी 15 घरांनाच सकाळ सोयीची असेल, तर साऱ्या गावात 45च भरली. बहुमत उलटले की हो!

ती 60 घरे गप्प का? चैत्रात माणसे पहाटेच मोहफुले वेचायला रानात जातात, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला. ज्या कामामुळे त्यांना नाव द्यायला सवड नाही, त्याच कामामुळे त्यांना सकाळ नको. खरी गोम ही आहे. नुसत्या आळसाने उत्तर राहिले, तर एवढे बिघडत नाही.

उत्तरांचा ढीग असला म्हणजे झाले, असेही नाही. अमेरिकेत 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या; कौल निघाला लँडनचा, आणि प्रचंड मतांनी निवडून आले रूझवेल्ट. पत्ते बहुतेक टेलिफोन-मोटारवाल्यांचे, आणि त्यांतही उत्तर धाडणारे निराळे.

आपल्याकडे 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने 5 जिल्ह्यांतील 150 खेड्यांत श्रोतृमंडळे चालवली. त्यांचा उपयोग तपासताना मंडळे नसलेल्या गावांतही विचारपूस झाली. ते शहाणपणाचेच होते. मंडळात येऊन बसणारा गडी म्हणजे सारा गाव नव्हे.

कोणी म्हणेल, बायकांची उत्तरे कमी आली तर आलेली दुप्पट मोजा. पण फोनवर बोलणाऱ्या 10 जणींचे म्हणणे दुप्पट केले, म्हणून फोन नसलेलीचे म्हणणे त्यात कसे येणार?

शिक्षकांना हे करून पाहता येईल. शाळेचा हजेरीपट घेऊ नका. ज्या घरचे मूल शाळेत नाही, ते घर त्यात नसते. ग्रामपंचायतीची घरांची यादी घ्या, चिठ्ठ्या टाकून 20 घरे काढा. कुलूप दिसले म्हणून शेजारी विचारू नका. माणसे रानातून परतल्यावर पुन्हा जा. पहिल्या फेरीतली उत्तरे वेगळी ठेवा, तिसऱ्या फेरीतली वेगळी. दोहोंत फरक पडला, तर अजून न भेटलेल्या घरांविषयी अंदाज करताना तिसऱ्या फेरीकडे अधिक पाहा.