अठराव्या वर्षीचं भाकीत
एनएचएल या आइस हॉकी लीगच्या १९९३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेरीत, ओटावा संघाने अलेक्झांडर डेगला पहिल्या क्रमांकावर उचललं. तो अपेक्षेला उतरला नाही. १९९८मध्ये थेट १७१वा निवडलेला पावेल दात्सुक मात्र डेट्रॉइट संघासाठी दोनदा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून गेला. अठरा वर्षांचं पोर जोखताना गोलांचे आकडे फसवतात. कॅनडात आइस हॉकीचे वयोगट १ जानेवारीला बदलतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो आणि ते थोराडपण गुणवत्तेच्या खात्यात जमा होतं. म्हणून गोल किती, यापेक्षा ते कोणत्या वयात आणि कोणाविरुद्ध केले, हे आधी पाहायला हवं. आकड्यांत खेळाची समज दिसत नाही, हा आक्षेप खराच. पण खेळाडू हेरणाऱ्या स्काउटची नजरही अंगकाठीला भुलते. २०११च्या ड्राफ्टमध्ये चणीने लहान जॉनी गोद्रो १०४व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, तो काही खेळ कच्चा म्हणून नव्हे.