सातबारा, फेरफार आणि सॉफ्टवेअरचा माग

गोंडपिपरीत बसून मोबाइलवर सातबारा काढलाय कधी? त्यात नावाजवळ छोटे आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. जमीन वारसाने आली, खरेदीने की वाटणीने, हे गाव नमुना सहामध्ये त्याच क्रमांकावर सापडतं. नोंदच सापडली नाही, तर भांडण ठरलेलं!

सॉफ्टवेअरमध्ये याच मागाला म्हणतात ट्रेसेबिलिटी.

मॉडेल-ड्रिव्हन पद्धतीत कोड आधी लिहीत नाहीत. आधी मॉडेल काढतात, म्हणजे 'एका जमिनीचे अनेक खातेदार असू शकतात' अशा नियमांचा आराखडा. मग टूल त्यातून कोड तयार करतं. आपल्या पुण्यात टीसीएसच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये याच पद्धतीचं 'मास्टरक्राफ्ट' घडलं. हे केंद्र 1981 पासूनचं.

आता गंमत बघा. त्या एका नियमातून डेटाबेसचं टेबल बनतं, स्क्रीन बनते, टेस्टही बनते. उद्या नियम बदलला, तर कुठेकुठे बदल करायचा? आणि उलटं, कोडची ही ओळ कोणत्या नियमामुळे आली? दोन्ही उत्तरं मिळायला हवीत. टूल कोड बनवतानाच ही नोंद ठेवू शकतं. पण कुणी तयार कोडमध्ये हातानेच बदल केला, तर? फेरफार न घेता सातबाऱ्यावर पेनाने नाव लिहिल्यासारखंच ते! मॉडेलला त्याचा पत्ताच नसतो. पुढच्या वेळी टूल चालवलं, की तो बदल पुसलाही जाऊ शकतो.

माग तुटला की काय होतं? 4 जून 1996. युरोपचं एरियान 5 रॉकेट उडालं आणि मिनिटभराच्या आतच भरकटून फुटलं. हे काही मॉडेल-ड्रिव्हन सॉफ्टवेअर नव्हतं, पण धडा तोच. त्यातला एक प्रोग्रॅम एरियान 4 मधून तसाच उचललेला. वेगाशी संबंधित एक आकडा 16 बिटांत मावला नाही. तो मावेलच असं धरून तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. एरियान 4 साठी ते ठीक होतं. एरियान 5 चा मार्गच वेगळा. चौकशी अहवाल सांगतो, त्या निर्णयाचं कारण सोर्स कोडमध्ये थेट कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कोड पुढे गेला, कारण मागेच राहिलं.

आज फोनवरच एआयकडून कोड लिहून घेणारे तुमच्यात बरेच असतील. मग एवढं करा: प्रत्येक नियमाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक कोडमध्ये, टेस्टमध्ये लिहा. हा झाला तुमचा फेरफार!

भेटू पुढच्या भागात.