हुबेहूब

काही दिवसांपूर्वी एका परिचित कुटुंबात बाळाच्या सुंतेच्या समारंभास जाण्याचा योग आला. बाळाला मांडीवर घेताच आजी उद्गारल्या, "अगं बाई, हा तर हुबेहूब याचे आजोबा!" शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या नातीने आईस हिब्रूत विचारले, "हुबेहूब म्हणजे काय?" आईने सांगितले, "क्मो श्तेई तिपोत मायिम." म्हणजे पाण्याच्या दोन थेंबांसारखे. उत्तर अचूक होते. परंतु बाजारापुरती हिब्रू जाणणाऱ्या आजी मात्र नुसत्याच हसल्या.

वाचकहो, हा 'हुबेहूब' शब्द आपणांस वाटतो तितका परका नाही. तो फारसीच्या द्वारे मराठीत आला. त्यातील 'हू' हे अरबी सर्वनाम असून त्याचा अर्थ 'तो' असा आहे. 'हू-ब-हू' म्हणजे 'तो तोच'. हिब्रूतही 'तो' यास 'हू'च म्हणतात, कारण अरबी व हिब्रू या भगिनीभाषा होत. म्हणजे कोकणातून आपण जो शब्द घेऊन आलो, त्याच्या पोटात या भूमीचा एक शब्द आधीच दडलेला होता!

उपयोगाच्या दृष्टीने मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. 'हुबेहूब' हे रूपाविषयी, चित्राविषयी अथवा नकलेविषयी म्हणावे. स्वभाव व आचरण यांविषयी बोलताना आपण 'बापाच्या वळणावर गेला' असे म्हणतो. 'एकाच माळेचे मणी' यात तर दोषाची छटा आहे. ते कौतुकाने म्हणू नये.

रूपसाम्याची एक कथा आपल्या परंपरेत प्रसिद्धच आहे. वृद्धापकाळी झालेला इसहाक आब्राहामचाच पुत्र कशावरून, अशी कुजबुज लोकांनी आरंभिली. तेव्हा परमेश्वराने इसहाकाचा चेहरा पित्यासारखा केला आणि निंदकांची तोंडे बंद झाली, असे आपले ज्ञानी सांगतात.

आपल्या समाजाच्या वाट्यासही असाच संशय आला. १९६२ साली आपल्या विवाहांच्या बाबतीत पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश निघाले. त्याविरुद्ध समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ साली बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे क्नेसेटने जाहीर केले. त्या वेळी चेहरा दाखवून भागणार नव्हते. आपल्याजवळ पुरावा होता तो वळणाचा: पिढ्यान्पिढ्या पाळलेला शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता आणि मुखी असलेला शमा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांस कोकणातील शेजारी 'शनिवार तेली' म्हणत, ते याच वळणामुळे.

म्हणून पालकांस विनंती अशी की, मुलांस पाण्याचे दोन थेंब अवश्य शिकवावेत. पण 'हुबेहूब' आणि 'वळण' हे शब्दही द्यावेत. नाहीतर नातवंडांचा चेहरा आजोबांचा राहील, आणि आजीचे बोलणे मात्र त्यांस परके होईल.