साखळीला थांब कसं म्हणायचं?

पॉलिमर शिकवायला घेतले की मी टेबलावर एक मेणबत्ती आणि एक पॉलिथीनची पिशवी ठेवत असे. दोन्हींत कार्बन-हायड्रोजनच्या सारख्याच कड्या. मेणात साधारण 20 ते 40 कार्बनांची साखळी, पिशवीत हजारोंची. म्हणून मेण नखाने खरवडतं आणि पिशवीतून बाजार घरी येतो. लांबी बदलली की पदार्थाचा स्वभाव बदलतो.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण साखळीला थांब कसं म्हणायचं?"

द्रावणात साखळी वाढत असेल तर तिचं टोक बंद करणारं रसायन बेताने घालता येतं. स्फटिकाचं उत्तर निराळं आहे, आणि मला ते फार देखणं वाटतं.

स्फटिकातले रेणू कवायतीच्या तासाला उभ्या मुलांसारखे. जागा सोडायची नाही, हात पोचेल त्यालाच धरायचं. दालचिनीवरून नाव पडलेल्या सिनॅमिक आम्लाचे तीन तऱ्हेचे स्फटिक होतात. दोहोंत प्रकाश पडला की शेजारचे रेणू जोडीने जुळतात, तिसऱ्यात काहीच घडत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गेरहार्ड श्मिट यांनी 1964 मध्ये त्याचं कारण मांडलं: शेजाऱ्यांचे दुहेरी बंध समांतर आणि सुमारे 0.42 नॅनोमीटरच्या आत हवेत. तिसऱ्या स्फटिकात हात पोचतच नाही.

या आम्लाला जुळणारा हात एकच, म्हणून जोडीवर थांबतं. जपानच्या मासाकी हासेगावा यांनी 1967 मध्ये दोन हातांचा रेणू दाखवला: डायस्टायरिलपायराझिन. त्याच्या स्फटिकावर प्रकाश पडला की प्रत्येक रेणू दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धरतो. स्फटिक वितळत नाही, आतल्या आत साखळी होते.

लांबीची किल्ली त्या स्फटिकाच्या पिवळ्या रंगात आहे. सुटा रेणू निळा-जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून तो पिवळा दिसतो. एक हात गुंतला की तो प्रकाश त्याला पुरत नाही. साखळीच्या टोकाला अधिक ऊर्जेचा, अतिनील प्रकाश लागतो. नुसता दृश्य प्रकाश दिला तर फक्त सुटे रेणू जागे होतात. ते संपले की वाढ थांबते आणि हाती आखूड साखळ्या येतात. पुढे त्यांनाच अतिनील दिला की टोकंही जागी होतात, एकमेकींना धरतात आणि साखळ्या लांबतात.

त्या मुलीला मी हेच सांगितलं: इथे थांब म्हणावं लागत नाही. टोकाला जाग आणणारा प्रकाश तेवढा हाताशी राखून ठेवायचा.