चोपण जमिनीतील जीवदया

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार श्रावकाला लहानपणापासून ऐकून ठाऊक असतात : बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. यांतील शेवटचा, म्हणजे आश्रित जीवाचे खाणेपिणे रोखणे, आज क्रौर्यातून क्वचितच घडतो. नियोजनाच्या अभावातून मात्र सहज घडतो. वैशाखात गंजी सरते, कडब्याचे भाव चढतात आणि देणगीवर चालणाऱ्या गोशाळेला वैरणीत हात आखडता घ्यावा लागतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ही अडचण अधिकच जाणवते. भोसरीची पांजरपोळ संस्था पुण्याच्या व्यापारी समाजाला सुपरिचित आहे. पण तिच्या परिसरातील शेते जाऊन तेथे कारखाने उभे राहिले. चारा दुरून आणावा लागतो आणि दानाचा मोठा वाटा वाहतुकीतच खर्ची पडतो. चारशे किलो वजनाच्या गाईला दररोज आठ ते दहा किलो कोरड्या वजनाचा आहार लागतो. दुभती असो वा भाकड, तिची भूक देणगीची वाट पाहत नाही.

यावर एक उपाय अनेक विश्वस्तांच्या हाती आहे : ‘काही पिकत नाही’ म्हणून पडीक ठेवलेली जमीन. मात्र आधी मातीपरीक्षण हवे. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, म्हणून तिचा सामू आठच्या आसपास असणे स्वाभाविक आहे. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांहून अधिक असेल, तरच ती खरी चोपण. तेथे जिप्सम, शेणखत व निचऱ्याचे चर उपयोगी पडतात. केवळ चुनखडीच्या जमिनीवर जिप्समचा खर्च व्यर्थ जातो.

गवताची निवडही जमीन पाहूनच करावी. निचऱ्याच्या, चुनखडीयुक्त हलक्या रानात अंजन व मारवेल तग धरतात. खारवट जमिनीत ऱ्होडस गवत, तर पाणी साचणाऱ्या चोपण जागी पॅरा गवत टिकते. सुधारलेल्या, ओलिताच्या भागात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपिअर लावता येते. पहिली कापणी सुमारे अडीच महिन्यांनी, पुढील दर सहा ते आठ आठवड्यांनी होते. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये स्थापन केलेली ‘बाएफ’ ही संस्थाही चारापिकांवर काम करते. नेपिअरमधील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून सोबत दशरथ गवतासारखा द्विदल चारा व खनिज मिश्रण द्यावे. पवना-इंद्रायणीचे वा कारखान्यालगतचे पाणी तपासल्याविना गवताला देऊ नये. क्षारांमुळे जमीन बिघडते आणि जड धातू चाऱ्यातून जनावरांच्या पोटात जातात.

शेतीत आरंभ आहे, नांगरटीत सूक्ष्म जीवांची विराधना आहे, हा संकोच रास्तच आहे. परंतु बहुवार्षिक गवत एकदा लावले की तीन-चार वर्षे नांगर फिरवावा लागत नाही. दरवर्षी नांगरून पेरलेल्या ज्वारीचा कडबा विकत घेण्यापेक्षा यात आरंभ कमीच.

पर्युषणात जीवदयेची टीप लिहिताना एक ओळ अशीही असावी : माती व पाण्याची तपासणी, कुंपण, गवताचे ठोंब. गाडीभर चारा काही दिवसांत संपतो. बांधावरचे गवत पुढच्या वैशाखातही उभे असते.