बोलता न येणाऱ्या लेकराची दाढ दुखते तेव्हा



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई रडवेल्या होऊन आल्या. त्यांची मुलगी सात वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, बोलता येत नाही, बसवावं लागतं. पंधरा दिवस ती धड जेवत नव्हती. रात्री किंचाळायची, स्वतःच्याच गालावर मारून घ्यायची. घरातले म्हणाले, "तिचं असंच असतं." शेजारणीने दृष्ट काढली. शेवटी अंगणवाडीताईंनी तिचा ओठ बाजूला करून पाहिलं, तर मागची दाढ काळी पडलेली आणि हिरडी सुजलेली. दवाखान्यात दाढ काढली आणि चार दिवसांत पोरगी वरणभात खायला लागली.

ताई म्हणाल्या, "मी तिचं सगळं करते. न्हाऊ घालते, भरवते. पण तोंडात कधी डोकावलेच नाही."

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आजचं बोलणं दिव्यांग लेकरांच्या दातांबद्दल.

या मुलांचे दात लवकर का किडतात?

आपण जेवलो की जीभ गालात फिरते, अडकलेले कण काढते. जीभ आणि गाल नीट हलत नसतील, तर घास गालातच राहतो. या मुलांना आपण मऊ खाऊ घालतो, चहात बुडवलेलं बिस्कीट देतो. ते दाताला चिकटतं. मग तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात खातं.

दुसरं कारण औषधाचं. फिट्सची, खोकल्याची पातळ औषधं बऱ्याचदा गोड असतात, आणि बाळ झोपायच्या वेळी देतो. रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळे गोडवा तसाच राहतो. औषध दिल्यावर दोन घोट पाणी पाजा, किंवा ओल्या फडक्याने दात पुसा.

फिट्सवरच्या फेनिटॉइन नावाच्या औषधाने काही मुलांच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका, फिट्स वाढतील. दात स्वच्छ ठेवले तर हिरड्यांचा त्रास कमी होतो.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात आणि हिरड्यांचे आजार लवकर होतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हृदयाचाही दोष असतो. दातावर उपचार करण्याआधी तो दंतवैद्यांना सांगायलाच हवा.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत"

हे आपण सगळ्याच म्हणतो. पण दुधाचे वीस दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. किडलेल्या दुधाच्या दातानेही ठणका लागतो, गाल सुजतो, ताप येतो. आणखी एक गोष्ट. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधीचा दात पडत नाही, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो. ती पक्की दाढ आहे. ती गेली की दुसरी येत नाही.

दात कसे घासायचे?

लेकराला समोर उभं करून घासायला गेलं की ते डोकं फिरवतं. म्हणून त्याच्या मागे बसा. त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा, एका हाताने हनुवटी धरा, दुसऱ्या हाताने घासा. लहान असेल तर डोकं मांडीवर घ्या. गिळायला त्रास असेल तर डोकं जरा उंच ठेवा आणि पेस्ट अगदी कमी घ्या, म्हणजे ठसका लागणार नाही.

ब्रश लहान आणि मऊ घ्या. पेस्ट फ्लोराईडची. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. चूळ भरता येत नसेल तर शेवटी ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. दिवसातून दोनदा घासा. त्यातही रात्रीचं चुकवू नका, आणि नंतर पाण्याशिवाय काही देऊ नका.

मुलाच्या हाताची पकड कच्ची असेल, तर ब्रशच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड करा किंवा सायकलच्या मुठीचं रबर बसवा. त्याला थोडं घासू द्या, मग आपण घासा. दातांच्या मध्ये आपलं बोट घालू नका, नकळत जोरात चावलं जातं. घासताना फिट आली तर ब्रश लगेच काढा, मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा किंवा दुसरं काहीही घालू नका.

स्वमग्न मुलाला ब्रशचा स्पर्शच सोसत नसेल, तर घाई नको. काही दिवस नुसता गालाला हात लावा, मग ओठाला, मग कोरडा ब्रश. रोज तीच वेळ, तीच जागा ठेवा.

मिश्री मात्र मुलांना लावू नका. ती भाजलेली तंबाखूच आहे. मैत्रिणींनो, आपणही ती सोडायला हवी. कोळसा आणि विटेची भुकटीही नको, तिने दात झिजतात.

दुखतंय हे कसं ओळखायचं?

जेवण नको म्हणणं, एकाच बाजूने चावणं, गार पाणी लागताच दचकणं, गालावर किंवा कानावर मारून घेणं, हात चावणं, लाळ अचानक वाढणं, रात्री उठून रडणं. यातलं काहीही नव्याने सुरू झालं, तर "हट्टी झालाय" म्हणण्याआधी तोंडात बघा. दाताच्या मुळाशी खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात आहे. तेव्हाच दाखवलं तर फ्लोराईडचा लेप लावून ती थांबवता येते, दात काढावा लागत नाही.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं. त्यात दातही बघतात. लेकरू शाळेत जात नसेल, तर आशाताईंना पथक येण्याचा दिवस विचारा आणि त्याला तिथे न्या. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य बसतात, हेही त्यांनाच विचारा. अवघड उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. काही मुलांना भूल देऊन उपचार करावे लागतात, घाबरून परत येऊ नका. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्याची चौकशी करा.

जाताना चालू औषधं, शेवटची फिट कधी आली ते आणि हृदयाचे कागद सोबत न्या. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसवून आणलं तरी पुष्कळ.

आता एक काम. आज रात्री लेकराला झोपवण्याआधी उजेडात त्याचा ओठ उचला, आतले दात बघा. दर रविवारी हे करा. आणि तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याच्या आईला हे सांगा. ती घराबाहेर पडू शकत नाही, म्हणून आपल्या बैठकीलाही येत नाही. तिच्या दारात आपण जाऊ या.